सुईवरचं काम

पंचशीला भद्रेच्या घरात भांड्यांना तोटा नव्हता, पण एकाही भांड्यावर तिचं नाव नव्हतं. आपल्याकडचा दस्तूर तुम्हाला माहीतच आहे. लग्नात भांडं द्यायचं आणि काठावर नाव टाकून घ्यायचं, म्हणजे पुढची तीस वर्षं जेवणाऱ्याला कळत राहतं की ताट कुणी दिलं. आईच्या घागरीवर आईच्या मामांचं नाव होतं. वहिनीच्या ताटांवर वहिनीचं, शिवाय तिच्या तीन आत्यांचं. पंचशीला दीड वर्षाची असताना पोलिओनं तिचा डावा पाय नेला, आणि पायाबरोबर तिच्या लग्नाचा विषयही लोकांनी परस्पर निकालात काढला. मग तिला भांडी कोण देणार?

नावं तिच्याही वाट्याला आली, पण सगळी दुसऱ्यांची. कुबड्यांवर एका क्लबचं स्टिकर. तीनचाकी सायकलीच्या पाठीवर एका माजी नगरसेवकाचं नाव, इतकं ठळक की मागून येणाऱ्याला वाटावं, नगरसेवकच हातानं चाक फिरवून राहिले. आणि विणायच्या मशीनवर पितळी पाटी : ‘हणमंतराव प्रतिष्ठान यांच्याकडून दिव्यांग भगिनीस सप्रेम भेट.’ एकेचाळीस वर्षांची बाई, सगळा जन्म दुसऱ्यांच्या नावाखाली हिंडली. तिला राग यायचा का? यायचा की! पण राग येणं वेगळं आणि राग काढणं वेगळं, आणि दोन्हींच्या मध्ये आई बसलेली असते.

मशीन टेबलाएवढं लांब. त्यात ओळीनं दोनशे सुया आणि वरून हातानं इकडून तिकडे सरकवायचं कॅरेज. एकदा सरकवलं की एक ओळ विणून होते. पंचशीला हे लातूरला रामलिंगअप्पांकडे शिकली. अप्पांचा शाळेच्या स्वेटरांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याचं शेड आणि सात मशीनं. त्यांची शिकवण एकच, मशीन रिकामं सोडायचं नाही. एक तुकडा विणून झाला की तो उतरवायचा नाही, त्याच्यावर टाकाऊ लोकरीच्या चार ओळी घालायच्या आणि लगेच दुसरा तुकडा सुरू करायचा. खाली लांबच लांब पट्टा लोंबत राहतो. संध्याकाळी टाकाऊ धागा ओढला की तुकडे सुटे होतात. “टाके सुईवर असले की मशीन कामात असतं,” अप्पा म्हणायचे. “मोकळं मशीन दिसलं की त्याला मालक फुटतात, पोरींनो.” पोरी हसायच्या आणि कॅरेज ओढायच्या.

या मशीनची एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. प्रतिष्ठाननं ते दिलं, त्याच्या दुसऱ्याच वर्षी फोटोसाठी म्हणून एका प्रदर्शनात नेलं आणि परत आणताना टेम्पोतून पाडलं. सांगाडा वाकला, सुया मोडल्या. पंचशीलानं तीन अर्ज दिले, एकाचंही उत्तर आलं नाही. शेवटी अप्पांनी आपल्या शेडमधलं एक मशीन गोणपाटात गुंडाळलं आणि लातूर-नांदेड एसटीच्या टपावर टाकून पाठवून दिलं. “घे, वापर,” एवढंच म्हणाले, ना चिठ्ठी ना चपाटी. स्टँडवरून ते घरी आणायला प्रतिष्ठानचाच कारकून रविकांत आला होता, बिचारा रविवारची सुट्टी मोडून. मोडकं मशीन पलंगाखाली गेलं. आणि मग आईनं काय करावं? मोडक्यावरची पितळी पाटी काढून नव्यावर बसवायला लावली. “उपकार इसरू नाई बाई,” म्हणाली. आपल्या लोकांना उपकार फेडायची इतकी घाई असते की कुणी केला तेही बघत नाहीत.

आता गोष्ट एका पिशवीची. पिशवी तिनं स्वतःसाठीच केली होती. कुबडीवाल्याला हात दोन असतात, पण दोन्ही नोकरीला लागलेले. दुकानातून पावशेर साखर आणायची तर पुडी काय दातात धरायची? स्वेटरांचं काम नसतं त्या उन्हाळ्यात तिनं जाड लोकरीची, कुबडीच्या दांड्याला वर आणि खाली अशी दोन ठिकाणी बांधायची पिशवी विणली. ती बघून कुणी वॉकरसाठी मागितली, कुणी व्हीलचेअरसाठी. वॉकरची समोरच्या दांडीवर, तळ रुंद, आत दोन कप्पे. व्हीलचेअरची बाजूला, हाताशी. पाठीमागं बांधायची नाही, कारण पाठीमागची पिशवी मालकापेक्षा चोराच्या सोयीची. विणलेली असल्यानं ताणते, ओझं घेते आणि धुतली तर दुपारपर्यंत वाळते.

हे यज्ञेशसरांच्या कानावर गेलं. यज्ञेशसर म्हणजे हणमंतराव हेडमास्तरांचे चिरंजीव. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या पोरांचे त्यांचे क्लासेस नांदेडातही होते आणि लातुरातही, चौकाचौकात हाताची घडी घालून उभा असलेला फोटो होता. वडिलांच्या नावाचं प्रतिष्ठान तेच चालवायचे. एक दिवस रविकांतला घेऊन ते पंचशीलाच्या दारात आले.

“चाळीस पिशव्या पाहिजेत, ताई. पंधरा दिवसांत. वॉकर, कुबड्या, व्हीलचेअर वाटपाचा मोठा कार्यक्रम घेतोय,” ते म्हणाले आणि मोबाईल पुढे केला. “आणि समोरून हे असं.”

मोबाईलवर पिशवीचं चित्र होतं. या काठापासून त्या काठापर्यंत लाल अक्षरांत ‘हणमंतराव प्रतिष्ठान’.

पंचशीलानं चित्र बघितलं. “सर, दोन रंगांत अक्षर विणलं ना, की जो रंग समोर दिसत न्हाई त्याचा दोरा मागून मोकळा जातो. अक्षर जेवढं मोठं तेवढा आतला दोरा लांब. माणसानं पिशवीत हात घातला की बोट अडकतं. मी कोपऱ्यात बारीक अक्षरात टाकते की.”

“कोपऱ्यातलं फोटोत दिसतं का?”

“मग आतून अस्तर लावते. महिना द्या.”

“पंधरा दिवस म्हणालो ना मी.”

“मग एक नमुना करते. तो कुणाला तरी वापरायला देऊन बघू,” पंचशीला म्हणाली. सर घड्याळ बघत ‘बरं बरं’ म्हणून निघून गेले.

नमुना झाला, आणि दिसायला झकास झाला. तो तिनं तुळजाबाईंच्या वॉकरला बांधला. तुळजाबाई अर्धापूरच्या, स्टँडवर केळी विकायच्या. गेल्या वर्षी केळीच्या सालीवरूनच घसरून त्यांचा खुबा मोडला, आणि त्यावर सगळ्यांत आधी त्याच हसल्या. तपासणीला नांदेडला आल्या की पंचशीलाकडे चहाला टेकायच्या. “लई देखणी हाय गं,” म्हणत त्या नवी पिशवी मिरवत गल्लीत निघाल्या.

गल्लीच्या तोंडाशी त्यांचा फोन वाजला. एक हात वॉकरवर, दुसरा पिशवीत. आतला लांब दोरा बोटातल्या अंगठीत अडकला. फोन वाजून राहिला, हात काही निघेना. त्यांनी हिसका दिला, तशी पिशवी नाही, अख्खा वॉकर कलंडला आणि त्याच्यामागं तुळजाबाई. पंचशीला कुबड्या टाकत पोचली तेव्हा त्या रस्त्यावर बसलेल्या होत्या आणि हात अजून पिशवीतच होता. कात्रीनं दोरा कापावा लागला. कोपर सोललं होतं, खुबा नशिबानं शाबूत होता.

“फोन कुणाचा होता, मावशी?” पंचशीलाला रडू येत होतं म्हणून तिनं भलतंच विचारलं.

“कंपनीचा. रिचार्ज मार म्हणून राहिला मेला.” तुळजाबाईंनी पदरानं कोपर पुसलं, लोंबणारा लाल दोरा बघितला. “काय गं, पिशवी माझी, फोन माझा, पडले बी मीच. मग नाव त्यांचं कामून?”

चाळीस वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता, तिनं स्वतःलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी ती तीनचाकी घेऊन सरांच्या बंगल्यावर गेली. सर बाहेर निघण्याच्या घाईत होते, पोर्चमध्येच उभ्या उभ्या ऐकलं. बाई पडली म्हटल्यावर त्यांनी ‘अरेरे’ केलं, आणि ते खोटं नव्हतं. पण लगेच म्हणाले, “ताई, कार्यक्रमात पिशवी बघायची असते. तिच्यात हात घालायला कोण बसलंय?”

“जिची पिशवी ती.”

“हे बघा, मला शिकवू नका. तुमच्या हाताला आज काम आहे ते कुणामुळे? मशीन कुणाचं आहे?”

“तुमचं मोडलं, सर. हे लातूरच्या अप्पांनी दिलंय.”

“पावती आहे?”

नव्हती. असल्या देण्याघेण्याची पावती कोण फाडतं?

“पाटी कुणाच्या नावाची आहे?” सर म्हणाले. पाटी कुणाची ते पंचशीलाला सांगावंच लागलं. “हां. मग प्रतिष्ठानचं नाव जसं सांगितलंय तसं टाका. नसेल जमत, तर मशीन उचलून नेतो. दुसरी एखादी गरजू भगिनी बघू.” आणि गाडीत बसून गेले.

पंचशीलाचे कान तापले होते. मशीन गेलं की तिचं काय राहणार होतं? भावाच्या घरातला एक कोपरा, वहिनीच्या नावाचं ताट आणि ‘बिचारी’ हा शब्द. सतराव्या वर्षापासून हा शब्द तिनं कॅरेज ओढून ओढून दाराबाहेर ठेवला होता. आता एका पितळी पाटीच्या जोरावर तो परत आत यायला निघाला होता.

ती वळली तर व्हरांड्यात मोठे सर, म्हणजे खुद्द हणमंतराव, वॉकर धरून उभे. ब्याऐंशीचे झाले होते. वॉकरच्या दांडीला क्लासेसची चकचकीत प्लास्टिकची पिशवी गाठ मारून लटकवलेली, तिच्यावर चिरंजीवांचा हसरा फोटो. मोठे सर एक पाऊल टाकायचे की चिरंजीव त्यांच्या गुडघ्यावर आपटायचे. दोन पावलं आले आणि पिशवीचा बंद तुटला. गोळ्या, रुमाल, चष्मा, सगळं फरशीवर.

त्यांना वाकता येईना आणि कुबड्यांमुळे हिलाही धड वाकता येईना. शेवटी पंचशीलानं सरळ फरशीवर बसकण मारली आणि एकेक वस्तू उचलून त्यांच्या हातात दिली.

“सगळं ऐकलं मी,” मोठे सर म्हणाले. “बाई, या गावात माझ्या नावाचे पंखे आहेत, बाकडी आहेत, पाणपोई आहे. मी जिवंत असून माझ्या नावाची कमान आहे. फक्त चष्मा ठेवायला जागा नाही.”

पंचशीलानं पर्समधून टेप काढला आणि बसल्या जागेवरूनच त्यांच्या वॉकरच्या दांडीचं माप घेतलं.

“कशाला हे?” त्यांनी विचारलं.

“लागतं सर,” ती म्हणाली.

परत येताना काय करायचं ते ठरलंच होतं. घरी आल्यावर तिनं रविकांतनं दिलेली यादी काढली : चाळीस माणसं, त्यांत तुळजाबाईही, कुणाला काय साधन, आणि फोन नंबर. एकेकाला फोन लावला. “पिशवीत काय ठेवणार?” असं विचारलं की माणसं आधी बुचकळ्यात पडायची. असं कधी कुणी विचारतं का? देणारा देतो, घेणारा घेतो. मग हळूहळू बोलू लागायची. किनवटकडच्या आश्रमशाळेतले आनंदराज गुरुजी व्हीलचेअरवरून शिकवायचे, त्यांना खडूचा डबा आणि हजेरीपट. विष्णुपुरीला इंजिनियरिंगला असलेली बुद्धप्रिया म्हणाली, “ताई, कॅल्क्युलेटर, टिफिन, आणि वर्गातल्या पोरांना दिसू नये अशी चॉकलेटं.” तिला झाकणाचा कप्पा. तुळजाबाईंना केळी कापायच्या विळ्यासाठी जाड तळ.

आणि प्रत्येक पिशवीच्या वरच्या पट्टीवर त्या त्या माणसाचं नाव. बारीक अक्षर, आतला दोरा जेमतेम दोन-तीन टाक्यांचा. मशीनवर विणणाऱ्याला समोर उलटी बाजू दिसते, सुलटी पलीकडच्याला. म्हणून प्रत्येक नाव आधी चौकटीच्या कागदावर उलटं काढायचं, मग ओळीओळीला सुया हातानं निवडायच्या. अक्षराचा पाय आधी विणला जातो, शिरोरेघ आणि वरच्या मात्रा सगळ्यांत शेवटी. कंबरेचा काटा ढिला झाला तिच्या.

आईला पत्ता लागलाच. “बाई, मशीन जाईल. खाल्ल्या मिठाला जागावं माणसानं.”

“मीठ अप्पांचं खाल्लं, आई. ह्यांची नुस्ती पाटी चाटली.”

“लोकं काय म्हणतील?”

“बिचारी म्हणतात तेच म्हणतील. त्याहून वंगाळ काय म्हणणार?”

आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी लोकरीचे गुंडे करायला येऊन बसली, तेही न बोलताच.

पंचशीलानं अप्पांना फोन लावला. अप्पा आता थकले होते, शेडमधली पाच मशीनं विकून झाली होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “कागद करून दिला असता तर बरं झालं असतं,” म्हणाले. मग खोकले, आणि पुढे म्हणाले, “मशीन मोकळं ठेवू नको बघ.”

कार्यक्रमाच्या सकाळी रविकांत पिशव्यांचा गठ्ठा न्यायला आला. नावं बरोबर आहेत ना ते बघून आण, असं सरांनी बजावलं होतं. त्यानं गाठ सोडली, वरच्या चार-पाच पिशव्या बघितल्या. त्याच्या कपाळावर घाम आला.

“ताई, हे काय करून राहिल्या तुम्ही? माझी नोकरी जाईल.”

“तुला खोटं बोलाय सांगितलं का मी? जे हाय ते सांग.”

त्यानं गाठ परत बांधली. मंगल कार्यालयाच्या दारात सरांनी विचारलं, “नावं आहेत का नीट?” तेव्हा तो म्हणाला, “नावं आहेत सर, एकदम नीट.”

स्टेजवर पाहुणे, हार, नारळ. समोरच्या रांगेत चाळीस माणसं आपापलं नवं साधन घेऊन बसलेली. निवेदन करणाऱ्या राजश्रीमॅडमनी पहिली पिशवी उचलली, कॅमेऱ्यासमोर धरली आणि वाचलं, “तुळजाबाई रामजी गवळे!” वाचून झाल्यावर त्या जरा चपापल्या, पण माईकवर बोलणारं माणूस थांबत नाही. दुसरी उचलली. “आनंदराज नरवाडे!” तिसरी. “बुद्धप्रिया एडके!”

नाव वाचलं की समोरून हात वर व्हायचा. तुळजाबाईंनी आपली पिशवी उलटसुलट करून बघितली, आत हात घातला, पाची बोटं बाहेर काढून पंचशीलाला लांबूनच दाखवली. हॉलमध्ये टाळ्या सुरू झाल्या. पाहुणे यज्ञेशसरांकडे वळून म्हणाले, “वा! काय कल्पना आहे!” सर हसले. फोटोत जसे हसतात तसेच, हाताची घडी घालून.

चाळीस झाल्या. राजश्रीमॅडमच्या हातात एक उरली. “आणि ही... हणमंतराव!”

सरांचा चेहरा जरा खुलला. आलं एकदाचं नाव! पण पिशवीला वॉकरच्या दांडीच्या मापाचे बंद होते, आत चष्म्याचा वेगळा कप्पा होता. स्टेजच्या कडेला मखमली खुर्चीत बसवलेले मोठे सर उठले. त्यांनी प्लास्टिकची हसरी पिशवी सोडून खुर्चीवर ठेवली, नवी बांधून घेतली, चष्मा आत टाकला. मग स्टेजच्या उतारावरून, कुणाला हात लावू न देता, हळूहळू खाली आले आणि समोरच्या रांगेत तुळजाबाईंच्या शेजारी जाऊन बसले. आता टाळ्या अशा पडल्या की माईक शिट्ट्या मारू लागला.

स्टेजमागं सरांनी पंचशीलाला गाठलं. आवाज अगदी खालचा होता. “मला चारचौघांत उघडं पाडलंत.”

“न्हाई सर. तुमच्या वडिलांचं नाव टाकलंय की. जो वापरतो त्याचं नाव. सगळ्यांना एकच कायदा.”

“उद्या सकाळी टेम्पो येईल,” सर म्हणाले.

पंचशीला रडली का? रडली. घरी येऊन, तोंडावर पाणी मारायच्या निमित्तानं मोरीत जाऊन रडली. मग पलंगाखालचं मोडकं मशीन गोणपाटासकट ओढून बाहेर काढलं आणि आईला म्हणाली, “स्क्रू ड्रायव्हर दे.”

सकाळी नऊला टेम्पो दारात. रविकांत, दोन हमाल, आणि सरांच्या सहीचं पत्र. पंचशीला मशीनवर बसलेली होती आणि कॅरेज चालू होतं. खाली हातभर पट्टा लोंबत होता.

“जय भीम, ताई,” रविकांत मान खाली घालून म्हणाला.

“जय भीम. ये, बस.”

“ताई, मशीन...”

“काम सुईवर हाय. असं हलवलं तर सगळे टाके गळतील. झालं की बघू.”

हमाल दारात टेकले. सुईवर टाके असताना मशीनला हात कसा लावायचा हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि न कळणाऱ्या वस्तूला शहाणा हमाल हात लावत नाही. रविकांत मशीनच्या पलीकडं खुर्चीवर बसला. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. एक पिशवी संपली. पंचशीलानं टाकाऊ लोकर जोडली, चार ओळी घातल्या आणि दुसरी पिशवी लावली.

“अहो, झालं की ताई!”

“ते झालं. हे चालू हाय.”

दहाच्या सुमाराला जीपमधून तुळजाबाई उतरल्या, सोबत अर्धापूरच्याच दोघी, एकीला वॉकर, एकीला काठी. “ह्यांना बी पाहिजे पिशव्या. नाव घालून,” त्यांनी दारातूनच हुकूम सोडला. हमालांकडे बघून म्हणाल्या, “तुमी बी रांगेत का रे?” मग त्यांना टेम्पो दिसला, पत्र दिसलं, रविकांतचा चेहरा दिसला. त्यांनी वॉकर मशीनच्या आडवा लावला आणि पिशवीतून काढून सगळ्यांना एकेक केळं दिलं. हमालांनाही.

रविकांतचा फोन वाजला. सर होते. “उचललं का?” आवाज पार दारापर्यंत ऐकू आला. रविकांत म्हणाला, “काम सुईवर आहे सर,” आणि त्यावर त्याला जे ऐकावं लागलं ते इथं सांगण्यासारखं नाही. त्यानं फोन ठेवला. त्याचे डोळे ओलावले होते.

“ताई, मला दोन लेकरं हायेत.”

पंचशीलानं कॅरेज थांबवलं. इतक्या दिवसांचा राग होता, पण तो या माणसाचा नव्हता. “रविकांत, तू मला एकच सांग. स्टँडवरून हे मशीन माझ्यासंग कुणी आणलं होतं?”

“मीच.”

“कुठून आलं होतं?”

“लातूरहून. टपावर.”

“मग प्रतिष्ठानचं मशीन कुठाय?”

पंचशीलानं कुबडीच्या टोकानं पलंगाकडं दाखवलं. तिथं गोणपाटावर तो वाकलेला सांगाडा ठेवला होता, झाडून पुसून. त्याच्या कपाळावर पितळी पाटी होती, चिंच लावून घासलेली, लखलखीत. ती आईनं घासली होती. आई दारात उभी होती. ती म्हणाली, “घेऊन जा लेकरा. आम्ही कुणाचं ठेवत न्हाई.”

रविकांतनं आधी त्या सांगाड्याकडे बघितलं, मग सुईवरच्या कामाकडे, मग तुळजाबाईंच्या कोपरावरच्या खपलीकडे. शेवटी हमालांना म्हणाला, “ते उचला रे. पाटी हाय ते.”

“थांब,” पंचशीला म्हणाली. तिनं खुंटीवरची ती पहिली, नमुन्याची पिशवी काढली, लाल अक्षरांची. “ही बी सरांना दे. त्यांचं नाव हाय तिच्यावर. म्हणावं, आत हात घालताना बोटं सांभाळा.”

हमालांनी वाकडा सांगाडा टेम्पोत चढवला. रविकांतचा फोन परत वाजला. आता तो उभा राहूनच बोलला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

“हाव सर. उचललं. पाटीसकट उचललं.”

फोन खिशात ठेवून तो निघाला, पण मशीनच्या पलीकडं क्षणभर थांबला. विणाईची सुलटी बाजू त्याच्याकडं होती. नव्या पिशवीच्या पट्टीवर अक्षरांचे पाय येऊन ठेपले होते, डोकी यायची होती. “हे कुणाचं चाललंय ताई? वाचता येईना अजून.”

“शिरोरेघ राहिली,” पंचशीला म्हणाली. तिनं ओळीओळीला सुया निवडल्या, शिरोरेघ आणि वरच्या मात्रा येईपर्यंत कॅरेज ओढलं. रविकांतनं वाकून वाचलं, मोठ्यानं, माईकवर वाचावं तसं.

“पंचशीला भद्रे.”

आई पुढं आली, तिनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं, भांड्यावरच्या नावावरून फिरवतात तसं. पंचशीलानं टाके उतरवले नाहीत. वरची पट्टी पुरी करून तिनं टाकाऊ लोकर जोडली आणि काठीवाल्या बाईला विचारलं, “हं, नाव सांगा.”